बधिर करंगळी

त्या रविवारी सकाळी गिटार हातात घेतली आणि डाव्या करंगळीला तार लागेचना. बोट तारेवर टेकलेलं दिसत होतं, सूरही निघत होता, पण बोटाला काही कळत नव्हतं. हात झटकला, गरम पाण्यात धरला, बोट चावूनही पाहिलं. करंगळी बधिर, शेजारच्या बोटाची एक बाजूही बधिर.

तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. नवघरला आईबरोबर राहायचे, दिवसभर ऑफिसात टायपिंग करायचे आणि शनिवारी पूनम सागर वसाहतीत एका मॅडमकडे गिटार शिकायला जायचे. मॅडम शाळेतून रिटायर झालेल्या संगीत शिक्षिका. त्या म्हणायच्या, "सूर चुकत नाहीयेस तू. पण सगळे एकाच आवाजात बोलतायत. एखाद्याला हळू बोलू दे, एखाद्याला थांबू दे." ते मला जमत नव्हतं. त्यांच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम जवळ आला होता आणि माझ्याकडे एक संथ धून होती. म्हणून मी घरी जास्त वेळ बसायला लागले, तारा जास्त जोर लावून दाबायला लागले.

करंगळीचं कोणाला सांगितलं नाही. रिक्षात बसले की नखाने ती टोचून बघायचे. ऑफिसात अक्षर उमटलं की नाही ते स्क्रीनकडे बघूनच कळायचं. हे असंच वर चढत गेलं तर? आधी गिटार जाईल, मग नोकरी.

जेवताना आईने विचारलं, "सारखी बोटं काय चोळतेस?"

"थंडी वाजतेय," मी म्हटलं. मे महिना चालू होता.

शनिवारी मॅडमनी धून मध्येच थांबवली आणि माझा हात हातात घेतला.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही."

"का?"

"वाजवणं बंद करा म्हणतील."

त्यांनी चप्पल घातली. "चल, मी येते बरोबर."

कोपराजवळची नस दबली होती. डॉक्टरांनी काही आठवडे गिटार बंद करायला सांगितली.

"बोट पहिल्यासारखं होईल ना?"

"बहुतेक होईल," ते म्हणाले. त्या 'बहुतेक'ने माझी झोप उडाली. कार्यक्रम मी शेवटच्या रांगेत बसून ऐकला, हात मांडीखाली घालून.

पुन्हा क्लास सुरू झाला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "जेमतेम सूर निघेल इतकंच दाब." नस परत दबेल या धास्तीने मी तर त्याहूनही हळू वाजवत होते. काही सूर पुसट येत होते. करंगळीची जागा आली की थांबून बोटाकडे बघावं लागे, मग तो सूर उशिरा यायचा. मॅडम चहा करत होत्या. गॅस बंद करून त्या बाहेर आल्या.

"आत्ता वाजवलंस ना, तसंच परत वाजव."

मुद्दाम तसंच वाजवायला गेले. धून अर्ध्यावर तुटली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "एकदा आलं ना."

करंगळीला आता बरंच कळतं, टोकाला मात्र नाही. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात मी तीच धून वाजवली. नजर बोटावरून हलत नव्हती. आई पहिल्यांदाच ऐकायला आली होती.

घरी परतताना ती म्हणाली, "मध्ये मध्ये थांबत होतीस, तिथे भरून आलं मला."

बोट नीट पडलंय का ते बघायला मी थांबत होते.