फॉर्मची मागची बाजू

शहराचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात तीस वर्षं काढली. निवृत्त होताना फायली तिथेच ठेवून आलो, किस्से मात्र घरापर्यंत आले. पूर्वी ते सांगताना आधी मीच हसायचो. हल्ली तसं होत नाही.

*

रस्तारुंदीची सुनावणी होती. सदाशिव पेठेतले एक आजोबा उभे राहिले. "रस्ता माझ्या जिन्यातून जातोय. मी वर कसं जायचं?"

साहेब म्हणाले, "आपली हरकत नोंदवून घेतली आहे."

"छान! म्हणजे आता तुमच्या फायलीवर पाय देऊन चढतो!"

*

मांजरी गावचे एक शेतकरी नकाशात आपलं रान शोधायला आले. मी हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं. गडी खूश! "ह्यो माझा ऊस हाय व्हय!"

"नाही हो, इथे बाग होणार आहे."

"म्हंजी ऊस काढून गवत लावनार?"

चहाच्या वेळी हे सांगून आम्ही किती हसलो! बाग अजून झालेली नाही. ऊसही नाही. तो चौकोन मीच रंगवला होता.

*

फुटपाथ रुंद केला तेव्हा एका बाईंचं पत्र आलं. "आभारी आहे. पूर्वी स्कूटरवाले एकामागून एक अंगावर यायचे. आता दोघे शेजारी शेजारी येतात!"

आमच्या देशपांडे मॅडमनी ते 'आभार' या फायलीत लावलं. मी बघत होतो.

*

येरवड्यातली एक वस्ती उठवून लोकांना शहराच्या टोकाला फ्लॅट दिले. नंतरच्या सर्व्हेला मी गेलो. सुमनताई चार घरी स्वयंपाकाला जायच्या. त्यांना विचारलं, "घर पसंत आहे? हो की नाही?"

"घर झकास आहे, दादा. नळ आत, संडास आत. पण कामं तिकडंच राहिली ना! दोन बस बदलून जाते. दोन कामं सुटली. ते लिहा."

"त्याला रकाना नाही हो, ताई."

"मग मागं लिहा. मागं कोरंच आहे की!"

लिहिलं. कॉम्प्युटरवर मात्र पुढचीच बाजू चढली. तिथे माझ्या हातची खूण होती, 'हो'वर. रिपोर्टचं कौतुक झालं.

पुढे एकदा भर दुपारी त्या जुन्या जागेवरून चाललो होतो. तिथे आता टॉवर. पार्किंगच्या कडेला सुमनताई डबा उघडून बसलेल्या. सकाळचं काम आणि संध्याकाळचं काम यांच्या मधे घरी जाऊन परत येणं जमत नाही, म्हणाल्या.

"वॉचमन काही बोलत नाही?"

"बोलतो की! रोज विचारतो, इथं का बसता?" त्यांनी डब्याखालची फरशी हाताने पुसली. "मी म्हणते, बाबा, माझ्या उंबऱ्यावर बसलेय!"