येसूर आणि माडाचं व्हिनेगर

माडाच्या व्हिनेगरची बाटली उघडली, की तो आंबूस वास नाकात शिरतो आणि मला शेवगावजवळच्या सासरचा पहिला नाताळ आठवतो. माझं माहेर गोव्याचं, म्हणून कोंबडी मी आमच्यासारखी लाल मिरची आणि व्हिनेगर लावून मुरवली होती. वरून सासूबाईंच्या डब्यातला येसूर, म्हणजे भाजलेल्या बाजरीचा तो खमंग मसाला, चोळायला घेतला, तशा त्या म्हणाल्या, “अगं, येसूर रश्शात टाकत्यात. इस्तवावर जळून कडू हुईल, पावन्यांम्होरं शोभा हुईल.” मी डबा खाली ठेवला, पण हट्ट नाही सोडला. अंगणात बाभळीच्या निखाऱ्यांवर कोंबडी भाजून झाली, जाळीवरून उतरवली आणि मगच कढत तेलात कालवलेला येसूर तिला माखला. चर्चहून आलेल्या पाहुण्यांनी बोटंसुद्धा चाटून घेतली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, “ही कुणाकडची पद्धत म्हनायची?” मी तोंड उघडायच्या आत सासूबाई ताठ बसून म्हणाल्या, “आमच्यात असंच करत्यात.” आता मला कुणी विचारलं, की मीही तेवढीच ताठ बसते आणि तेच सांगते.