बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

शिंप्याच्या नजरेचं गल्लीभर कौतुक. ढीगभर बटणांतून जोडीचं बटण तो चष्म्याशिवाय काढायचा आणि त्याचा त्याला भारी गर्व. त्याच गर्वापायी त्याने औषधांच्या पट्ट्या फाडून सगळ्या गोळ्या बटणांच्या रिकाम्या डब्यात भरल्या होत्या. एका कप्प्यात बायकोच्या डायबेटिसच्या, दुसऱ्यात दुखण्यावरच्या. दोन्ही पांढऱ्या, गोल. पट्ट्या नुसती जागा अडवतात, म्हणे! अति शहाणा, दुसरं काय.

बायकोला अंधुक दिसायचं, म्हणून रोज सकाळी तिची गोळी तोच तिच्या तळहातावर ठेवायचा. हल्ली ती सारखी पाणी मागे. पायाच्या अंगठ्याची जखमही भरेना. त्याच्या जिवाला घोर लागला होता.

त्यात त्याची दाढ ठणकू लागली. गाल सुजला, सकाळपासून पोटात घास नाही.

"अहो, दुकानात नीट विचारून आणा," बायको म्हणाली. "तुम्हाला अल्सर आहे. डॉक्टरांनी तापाची साधी गोळीच घ्यायला सांगितलीय, भलतीसलती नको."

"अगं, तीच तर आहे घरात! मला काय कळत नाही होय?"

त्याने एक गोळी गिळली नि मशीनवर बसला. दाढ ऐकेना, म्हणून थोड्या वेळाने आणखी एक. मग दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, सुईत दोरा जाईना. त्याची जीभ अडखळू लागली तशी बायको चाचपडत आली. कपाळ गार, ओलं.

"कुठल्या कप्प्यातली घेतलीत?"

"उजव्या... दुखण्याच्या..."

तिने पुढचं ऐकलंच नाही. पाण्यात साखर ढवळून घोट घोट पाजली आणि शेजारणीला डॉक्टरांकडे पिटाळलं. हळूहळू त्याच्या हातांची थरथर थांबली.

"वाचलो गं बाई," तो म्हणाला.

ती मात्र पेला धरून तशीच उभी होती. "उपाशीपोटी गोळी घेतली की मला अस्संच व्हायचं. तुम्ही माझ्या गोळ्या घेतल्यात." मग तिने पेला खाली ठेवला. "अहो, मग मला रोज सकाळी कुठली देता?"

शिंप्याने तिच्या अंगठ्याला गुंडाळलेल्या फडक्याकडे पाहिलं. त्याला रडू आलं. दाढेचं दुखणं तो विसरूनच गेला होता.