गोठ्यावरचा फ्लेक्स

माझी मुलगी शिष्यवृत्तीवर परदेशी गेली आणि बापाला विसरली, असं आमच्या गल्लीत बोललं जातं. ते खरं नाही.

शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं, त्याच आठवड्यात मी तालमीसमोर अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यावर माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा होता. अर्जापासून मुलाखतीपर्यंत सगळं तिनं एकटीनं केलं होतं. फेटा मात्र मी बांधून घेतला.

तिथल्या पहिल्याच थंडीत तिचा फोन आला. "आबा, मला इथं झोप लागत न्हाय. दिवस दिवस कुणाशी बोलणं होत न्हाय. माघारी येऊ का?"

"येड लागलंय का तुला? फ्लेक्स अजून उतरला न्हाय. चौकात काय तोंड दाखवू? पास झाल्याबिगर या दारात यायचं न्हाय."

ती "बरं" म्हणाली.

ती पास झाली आणि तिथंच नोकरीला लागली. आता फोन करते ती आईला. एकदा मीच फोन हातात घेऊन विचारलं, "घरी कधी येणार, बाई?"

"तवा यायचं होतं, आबा."

तो फ्लेक्स आम्ही म्हशींच्या गोठ्यावर टाकला. उन्हानं त्यावरचं एकही तोंड आता ओळखू येत नाही.

काल शेजारी म्हणाले, "पोरीनं पांग न्हाय फेडलं की तुमचं." मी नेहमीसारखी मान हलवली आणि घरात येऊन हे लिहायला बसलो. यापुढं नावं ठेवायची तर मला ठेवा.