मोरेश्वरचं फाटक

मोरेश्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मढला दारात जाळं दुरुस्त करत बसलो होतो. फोन त्याच्या सुनेचा, सुजाताचा. बाबा गेले, एवढंच बोलली. मी बरं म्हटलं आणि सुई पुन्हा हातात घेतली... पण गाठ काही बसेना. मी चौथीपर्यंत शिकलेला, लिहायची सवय नाही. पण कबड्डीतल्या त्याच्या फाटकाबद्दल आता जो तो मनाला येईल ते सांगतो, म्हणून खरं काय ते मीच लिहितो.

आमच्या गावात खेळायला एकच मोकळी जागा. तिच्या डाव्या अर्ध्या भागात बायकांच्या वलांडी, म्हणजे बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्या, त्यावर बोंबील वाळत. हलवा म्हटलं, तर मोरेश्वरची आई म्हणाली, उरलेल्यात खेळा नाहीतर घरी बसा. मग काय, सातही जण उजवीकडे दाटीवाटीने उभे राहूनच शिकलो. पहिल्यांदा कांदिवलीला सामन्याला गेलो, तिथे मैदान पूर्ण मोकळं, आणि आम्ही सवयीने सगळे उजव्या बाजूला. लोक हसले. समोरचा चढाईवाला अर्धं मैदान रिकामं बघून खुशाल खोलवर शिरला. मोरेश्वर मधल्या रेषेजवळ होता. "अडवा रे," म्हणाला आणि रेषेवरून धावला. हातात हात धरलेले आम्ही, फाटक लागावं तसे, त्याच्यामागून फिरलो. चढाईवाला आत आणि परतीच्या वाटेवर आम्ही सात. दम संपेपर्यंत त्याला कुठून निघावं ते कळलं नाही. चुकून झालेलं ते मोरेश्वरने मग मुद्दाम बसवून घेतलं. पुढे जाऊ तिथे लोक म्हणत, फाटकवाले आले. आता म्हणतात, कुठल्या मोठ्या गुरूने शिकवलं. कसला गुरू? बोंबील होते, बोंबील.

म्हातारपणी मोरेश्वरला अर्धांगवायू झाल्यावर मुलाने त्याला कांदिवलीला आपल्याकडे नेलं, अकराव्या मजल्यावर. दवाखाना जवळ, सगळी सोय. पण खिडकीला जाळी, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मी दर रविवारी जायचो. त्याचं एकच मागणं, मला मढला ने. मुलगा म्हणे, तिकडे काही झालं तर होडीत घालून खाडीपलीकडचा दवाखाना गाठायचा का? खोटं नव्हतं ते. तरी मी हट्टाला पेटलो. एका रविवारी खाली टॅक्सी उभी केली, त्याला सदरा चढवला, चाकाच्या खुर्चीत बसवलं. सुजाता खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. भांडली नाही. दोन्ही हात चौकटीला लावून म्हणाली, "काका, रस्त्यात काही झालं तर मी ह्यांना काय सांगू?"

बाजूला हो पोरी, म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी, पण हलली नाही. मी खुर्ची पुढे रेटणार, तेवढ्यात मोरेश्वरने चालत्या हाताने माझं मनगट धरलं. जीभ जड झालेली, पण हे स्वच्छ बोलला.

"सोड बाळ्या. पोरगी बरोबर उभी आहे."

आणि हसला, तोंडाच्या एकाच बाजूने... टॅक्सी मी रिकामी परत पाठवली.

महिन्याभरात तो गेला. मढला आणला, तो असा.

परवा सवयीने पुन्हा कांदिवलीला गेलो. सुजाताने चहा दिला, त्याच्या खोलीच्या दारातून बाजूला झाली. "जा ना काका, बसा आत." बिछाना तसाच होता, दार सताड उघडं. मी बाहेरच उभ्याने चहा प्यायलो.