नामदेवभाऊंच्या हिरड्या आणि सुलतानपूरचे इवाई

संग्रामपूरला दातांच्या दवाखान्यात मी नंबर लावायचं काम करते. लोकांना वाटतं, इथे नुसती रडारड असते. अहो, दात दुखला म्हणून माणूस गप्प कुठे बसतो! रोज एखादा किस्सा पदरात बांधूनच घरी जाते. त्यातले निम्मे एकट्या नामदेवभाऊंचे. सोनाळ्याला संत्र्याची बाग, झुपकेदार मिशा आणि पुढचे दोन दात हलणारे!

*

पहिल्याच दिवशी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हिरडी दाताला कॉलरसारखी घट्ट चिकटलेली असते. तीच जंतूंना आत शिरू देत नाही. तुमची कॉलर सैल झालीय."

"म्हंजे खोडाची साल सुटल्यावानी! मंग बोर्डो लावू काय?"

मॅडम पुण्याच्या. त्यांना वाटलं, टूथपेस्ट असेल. "सध्या किती वेळा लावता?"

"सालातून दोनदा!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. बोर्डो म्हणजे संत्र्याच्या खोडाला लावायचं मोरचूद-चुन्याचं औषध, हे मग मी समजावलं.

*

भाऊंनी ब्रश सोडून तंबाखूचं मंजन धरलं होतं. का, तर ब्रशनं घासताना रक्त येतं म्हणून! मॅडम म्हणाल्या, "अहो, घाण साचली म्हणूनच रक्त येतं. हळू घासा, पण घासा."

शेजारी त्यांची बायको, कमलाकाकू. "ह्यायचं असंच हाय मॅडम. मोटर पाणी कमी फेकते म्हणून ह्यायनं मोटरच बंद केली होती!"

*

भाऊंना भीती दुखण्याची नव्हती. लेकीचे सासरे, म्हणजे त्यांचे सुलतानपूरचे इवाई, कवळी लावतात. भाऊंनी त्यांना वर्षानुवर्षं चिडवलेलं. आता इवाई फोनवर विचारत, "काऊन हो, कवळीचं माप देल्लं का नाई?"

भाऊ हात जोडून म्हणाले, "मॅडम, काईबी करा, पण इवायापुढं मले बोळका करू नका!"

"मग तंबाखूचं मंजन बंद."

"हाव, बंद!"

*

पुढच्या खेपेला भाऊंच्या तोंडाला लवंगेचा घमघमाट. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "लवंग छान आहे. मंजनाची डबी कुठंय?"

भाऊंनी सदऱ्याच्या खिशातून काढून दिली. काकू म्हणाल्या, "आता पायजम्याचा खिसा बी पाहा!"

तिथेही होती.

*

पण त्यानंतर भाऊ सुधारले. मॅडमनी हिरड्यांखालची घाण खरवडून काढली, भाऊ दोन्ही वेळा घासू लागले. संक्रांतीआधी तपासलं, तर हिरडीनं दात परत आवळून धरलेले! मॅडम म्हणाल्या, "दात वाचले. पण दातानं ऊस सोलायचा नाही."

संक्रांतीला इवाई नेमका ऊस घेऊनच आले. "सोला पाहू!"

भाऊ म्हणाले, "आधी पाहुण्यानं."

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात हजर. इवाई तोंडावर रुमाल धरून, भाऊ हातात उसाचं कांडं धरून. कांड्यात इवायांची कवळी घट्ट रुतलेली.

मॅडमनी विचारलं, "हे काय?"

इवायांनी रुमाल आणखी घट्ट दाबला. भाऊ मात्र सगळे दात दाखवून म्हणाले, "मॅडम, इवायानं उसावर कलम बांधलं. अन् धरलं बी!"