आश्रमातली भांडणं थांबली तेव्हा

कुठे दुधाची किटली वाजली, की ती घटना आजही डोळ्यांपुढे येते. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मुरबाडहून बदली होऊन मी शहापूरला नुकताच हजर झालो होतो. सकाळची हजेरी आटोपली, तोच पोलीस ठाण्याच्या दारात एक दूधवाला येऊन उभा राहिला. तानसा तलावाच्या बाजूला एक लहानसा वृद्धाश्रम होता; तिथे तो रतीब घाली.

"साहेब, तिथल्या म्हाताऱ्या मान्सांची भांडनं बंद झालीत."

ठाणे अंमलदार हसले. "मग तुझं काय दुखतं?"

"एक आक्का मला रोज शिव्या घालायची. अख्खा तानसा दुधात वतून आनलास, म्हनायची. आता डोला पन उघडत नाय. मालक बोलतो, वय झाला. गेल्या बाजाराला चांगली होती हो!"

शिव्या देणारं माणूस एकाएकी गप्प होणं, ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नसते. स्टेशन डायरीत नोंद करून मी निघालो.

आक्का खाटेवर पडून होती. हाक मारली की पापणी हलायची, तेवढंच. आश्रमाच्या मालकाने तिच्या पुतण्याला 'शेवटचं भेटून जा' असा निरोपही धाडला होता. मी तिला ग्रामीण रुग्णालयात हलवलं. डॉक्टर म्हणाले, "हे वयामुळे नाही. झोपेच्या गोळ्यांसारखं दिसतंय. श्वास मंद आहे, वाचेल की नाही सांगता येत नाही."

आश्रमात औषधं देणारी बाई एकच होती. तिला समोर बसवलं.

"आक्काला मी गोळी दिली नाय, साहेब. गोळी फक्त बाबाला."

बाबा म्हणजे आक्काच्या शेजारच्या खाटेवरचा, डोळखांबकडचा म्हातारा. दिवस मावळला की तो ओरडायचा. गोळी थुंकून टाकायचा, म्हणून बाई ती कुटून त्याच्या नाचणीच्या पेजेत कालवायची.

"गोळी कोणी सांगितली?"

"डॉक्टरांनीच. पाय मोडला होता तवा."

"पाय तर केव्हाच बरा झाला."

तिने पदराने डोळे पुसले. "तरी वरडायचा. मालक बोलले, वाढव. वाढवली."

चौकशी इथेच अडली. गोळी घेणारा टक्क जागा, न घेणारी बेशुद्ध. खोटं बोलणारा बहुधा प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. ही प्रत्येक उत्तराआधी रडत होती.

संध्याकाळी मी पडवीत बसून राहिलो. त्या दिवशी गोळी न घालता बाबापुढे पेज ठेवून बाई दुसऱ्या खोलीत गेली. बाबाने वाडगा उचलला आणि आक्काच्या रिकाम्या खाटेवर नेऊन ठेवला. मग हात मांडीवर ठेवून वाट बघत बसला.

"बाबा, जेवत का नाही?"

"मोठी भैन मानलीय तिला. तिच्याआदी तोंड कसा लावू? तिचा होऊन उरंल ता माजा."

दात नसलेल्या आक्काला पेज तेवढी जमायची. बाबा जागा राहायचा म्हणून गोळ्या वाढायच्या, आणि वाढलेल्या गोळ्या आक्काच्या पोटात जायच्या. बाबाच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन मी तसाच डॉक्टरांकडे गेलो.

निघताना बाबाचं ते ओरडणंही ऐकलं. आयुष्यभर गुरं राखलेला माणूस. दिवेलागणीला तो गुरांना घरी बोलावत होता. पुढे त्याची खाट फाटकाकडच्या खिडकीशी नेली. गावची गुरं समोरून परतायची, तो त्यांना हाका मारायचा आणि निजायचा. डॉक्टरांनी गोळी बंद केली. मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. आश्रमात डॉक्टर येऊन प्रत्येकाची औषधं नव्याने तपासू लागले, आणि अन्नात लपवून औषध देणं थांबलं.

आक्का सावकाश शुद्धीवर आली. दूधवाला किटली घेऊन रुग्णालयात आला, तेव्हा मी तिथे होतो. तिने किटलीकडे पाहिलं. "आज तरी निसता दूध आनलास का रे, मेल्या?"

"अजून दे शिव्या, आक्का," म्हणत तो डोळे पुसू लागला.

माझी पत्नी गेल्या वर्षी गेली. तिच्या दुखण्यात प्रत्येक गोळीला मी डॉक्टरांना विचारायचो, ही कशासाठी आणि थांबवायची कधी? ती म्हणायची, "आता गोळीचीही उलटतपासणी?" त्यातल्या काही गोळ्या डॉक्टरांनी खरंच कमी केल्या. आजार बरा होणारा नव्हता, पण अखेरपर्यंत ती जागी होती. आमचं शेवटचं भांडण चहातल्या साखरेवरून झालं. ते मला शब्दन् शब्द आठवतं.